अ-यादृच्छिक नमुना निवड : खेड्यात सर्वेक्षण करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयांत समाजकार्य, कृषी, अर्थशास्त्र किंवा गृहविज्ञान शिकणारे विद्यार्थी प्रकल्पासाठी खेड्यांत जातात, ५० किंवा १०० प्रश्नावल्या भरून आणतात आणि अहवाल लिहायला बसले की 'नमुना निवड पद्धत' या शीर्षकाखाली अडकतात. अशा विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्याबरोबर काही आशा सेविकांना व बचत गटांच्या कार्यकर्त्यांना, सर्वेक्षणाचे गणित समजावून देताना जे प्रश्न पुनःपुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत.

नमुना नेमका केव्हा अ-यादृच्छिक ठरतो?

ज्या लोकांविषयी, जमिनीविषयी किंवा वस्तूंविषयी आपल्याला निष्कर्ष काढायचा असतो त्या सर्वांना मिळून समष्टी म्हणतात, आणि त्यांतून प्रत्यक्ष तपासायला घेतलेला भाग म्हणजे नमुना. समष्टीतील प्रत्येक घटक निवडला जाण्याची काही ना काही शक्यता असली पाहिजे, ती शक्यता किती हे आकड्यात सांगता आले पाहिजे, आणि प्रत्यक्ष निवड माणसाच्या मर्जीने न होता चिठ्ठीने किंवा यादृच्छिक संख्यांच्या सारणीने झाली पाहिजे. यांपैकी एकही अट मोडली की नमुना अ-यादृच्छिक होतो. पाठ्यपुस्तकांत त्यालाच असंभाव्यता नमुना असेही म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. प्रत्येकाला 'समान' संधी असलीच पाहिजे असे नाही. मोठ्या कास्तकारांना मुद्दाम जास्त आणि लहानांना कमी संधी देऊनही नमुना पूर्णपणे यादृच्छिक राहू शकतो; मात्र कोणाला किती संधी दिली हे माहीत असावे लागते, म्हणजे नंतर हिशेब करताना ते भरून काढता येते.

मी कोणताही विचार न करता, समोर येईल त्याला विचारले. मग तो नमुना यादृच्छिकच झाला ना?

नाही. हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि तो येण्याचे कारण आपल्या भाषेतच आहे. 'कोणालाही' हा शब्द आपण 'ठरवून नव्हे' या अर्थाने वापरतो, पण सांख्यिकीतील यादृच्छिकता ही निष्काळजीपणाने मिळत नसून फार काळजीपूर्वक घडवावी लागते. सकाळी ११ वाजता गावात शिरलेल्या विद्यार्थ्याच्या समोर जो 'कोणीही' येतो, तो त्या वेळी वावरात नसलेला, मजुरीला न गेलेला, अनोळखी माणसाशी बोलायला न बुजणारा आणि बहुधा पुरुष असतो. विद्यार्थ्याने निवड केली नाही हे खरे. पण निवड झालेली आहे. ती त्या वेळेने, त्या रस्त्याने आणि गावाच्या रीतीने केली आहे.

सोयीचा नमुना म्हणजे काय आणि तो इतका वाईट का मानतात?

जे सहज भेटतील त्यांनाच घेणे म्हणजे सोयीचा किंवा सुविधाजन्य नमुना. आठवडी बाजारात उभे राहून विचारणे, आपल्याच वर्गातील मुलांच्या घरी प्रश्नावल्या पाठवणे, कृषी केंद्राच्या दुकानात बियाणे घ्यायला आलेल्यांना थांबवणे, ही सगळी त्याचीच रूपे आहेत. तो नेहमीच वाईट असतो असे मला वाटत नाही. प्रश्नावलीतील मराठी लोकांना कळते की नाही, 'वार्षिक उत्पन्न' विचारल्यावर माणूस हंगामाचे सांगतो की वर्षाचे, हे पाहण्यासाठी १० ओळखीची माणसे पुरतात. त्यासाठी यादी काढून चिठ्ठ्या टाकत बसण्याची गरज नाही. दोष तेव्हा येतो जेव्हा त्याच १० किंवा १०० माणसांवरून 'गावातील ६४ टक्के शेतकरी' असे वाक्य लिहिले जाते.

माझ्या पहिल्याच सर्वेक्षणात मी हीच चूक केली होती. आम्ही मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर बसलो, लोक जमत गेले आणि संध्याकाळपर्यंत ठरलेली संख्या पूर्ण झाली. नंतर पाहिले तर आमच्या कागदांत भूमिहीन कुटुंबे जवळजवळ नव्हतीच. गावाच्या दुसऱ्या टोकाला मजुरांची वस्ती होती आणि तेथील माणसे त्या दिवशी कापूस वेचायला गेली होती. ती परतली तेव्हा आम्ही शेवटची बस पकडत होतो. कागदावरचे एकही उत्तर खोटे नव्हते, तरी गावाविषयी तो अहवाल जे सांगत होता ते खरे नव्हते.

खेड्यात सोयीने गेल्यास नेमके कोण सुटते?

हा प्रश्न प्रत्येक सर्वेक्षकाने गावात पाय ठेवण्यापूर्वी स्वतःला विचारावा, कारण शहरात जे अंदाजानेच सांगावे लागते ते खेड्यात आधीच बऱ्यापैकी ओळखता येते. ग्रामीण विकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी बाहेरून येणाऱ्या निरीक्षकांच्या अशा चुकांची मांडणी केली आहे: ते डांबरी रस्त्याच्या कडेची गावे पाहतात, कोरड्या ऋतूत येतात, जेथे आधीच एखादा प्रकल्प चालू आहे तेथेच जातात आणि पुरुषांशी व पुढाऱ्यांशी बोलतात. विदर्भात यातील प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी दिसते.

यवतमाळ जिल्ह्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे त्यांची वस्ती, मूळ गावापासून दूर असते. गडचिरोलीत एकाच महसुली गावाचे टोले (पाडे) जंगलात विखुरलेले असतात. पारध्यांचा बेडा (वस्ती) गावाच्या नकाशावर असला तरी गावकरी तो दाखवतीलच असे नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की काही वस्त्यांचा रस्ताच तुटतो, म्हणून सर्वेक्षणे हिवाळ्या-उन्हाळ्यात होतात आणि पावसाळ्यातील उपासमार, हिवताप किंवा बाळंतपणाची अडचण कागदावर फिकट उमटते. हिवाळा संपताना पूर्वेकडील जिल्ह्यांतून मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, मेळघाटातून कोरकू कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटेपासून घरात कोणी सापडत नाही. घराला कुलूप दिसले की सर्वेक्षक शेजारच्या घरी जातो. कुलूप हे मात्र योगायोगाने लागलेले नसते. ज्यांच्याकडे जमीन कमी त्यांच्या दाराला ते जास्त लागते.

याच कारणामुळे जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाची व्याप्ती मोजण्यासाठी पूर्वी सुचवलेल्या ३० समूह (गावे किंवा वस्त्या) आणि प्रत्येकी ७ मुले या पद्धतीच्या शेवटच्या टप्प्यावर टीका झाली. त्यात गावाच्या मध्यभागी उभे राहून एक दिशा यादृच्छिकपणे ठरवायची, त्या दिशेतील घरांतून पहिले घर निवडायचे आणि मग सर्वांत जवळचे दार, त्यानंतर पुढचे, असे करत ७ मुले पूर्ण करायची. समूहांची निवड शास्त्रीय असूनही, गावात शिरल्यावर मध्याजवळची घरे निवडली जाण्याची शक्यता वाढते आणि शेवटच्या टोकाचे पोड त्यातून निसटू शकते.

मग हेतुपुरस्सर निवड कधी योग्य असते?

हेतुपुरस्सर निवड म्हणजे विशिष्ट अनुभव किंवा गुणधर्म असलेले घटक मुद्दाम शोधून घेणे. ज्या प्रश्नाचे उत्तर 'किती' असे नसून 'कसे' किंवा 'का' असे असते, तेथे ती योग्यच नव्हे तर आवश्यक असते. वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याची बाग तोडून टाकलेल्या शेतकऱ्याने तो निर्णय कसा घेतला, पाणी खोल गेल्यावर घरात काय चर्चा झाली, हे समजून घ्यायचे असेल, तर बाग तोडलेल्यांकडेच जावे लागेल. तेथे जिल्ह्यातील सर्व शेतकऱ्यांतून चिठ्ठ्या टाकल्या तर अशी माणसे कदाचित एकदोनच हाती लागतील. अशा अभ्यासात नवीन मुलाखतींतून नवे काही मिळेनासे झाले की थांबतात; त्या अवस्थेला संपृक्तता म्हणतात, आणि किती मुलाखती पुरेशा हे त्यावरून ठरते, सूत्रावरून नव्हे.

यादृच्छिक आणि हेतुपुरस्सर या दोन गोष्टी एकाच अभ्यासात विचारपूर्वक जोडता येतात, आणि गाव हेतूने निवडून गावात कोणालाही न वगळणे हा त्याचा एक चांगला मार्ग आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे आठवावा. त्यापूर्वी ग्रामीण स्त्रियांच्या आजारांविषयीची माहिती प्रामुख्याने दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांवरून मिळत असे, आणि तो स्वयंनिवडीचा, म्हणजे स्वतःहून पुढे आलेल्यांचाच, नमुना होता. या अभ्यासात दवाखान्यात कोण येते याची वाट न पाहता दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली, आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले; यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र ८ टक्केच होत्या. दवाखान्याच्या रांगेवरून केलेल्या अंदाजात उरलेल्या स्त्रिया कधीच दिसल्या नसत्या. ही दोन गावे म्हणजे सारा भारत नव्हे, आणि तो आकडा तसा वापरणे चूक ठरेल. पण दवाखान्याबाहेर केवढे दुःख न मोजलेले पडून आहे, हे दाखवायला दोन गावे पुरेशी होती.

कोटा नमुन्यात स्त्री-पुरुष, जमीन, वय सगळे प्रमाणात घेतो. मग त्यात उणीव कोणती?

उणीव अशी की कोटा ठरवला तरी कोट्याच्या आत माणूस निवडण्याचा अधिकार सर्वेक्षकाकडेच राहतो. 'दोन एकरांखालील १५ स्त्रिया' असा कोटा दिला, तर सर्वेक्षक रस्त्यालगतच्या, बचत गटात असलेल्या, बोलक्या १५ स्त्रिया घेईल. जमीन आणि लिंग जुळले, पण स्वभाव, अंतर, मोकळा वेळ आणि सुस्थिती जुळली नाही.

याचा सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकेतील १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा आहे. गॅलप, क्रॉसली आणि रोपर या तिन्ही प्रमुख जनमत चाचण्यांनी थॉमस ड्युई जिंकतील असे सांगितले आणि हॅरी ट्रुमन जिंकले. चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या हेही एक कारण होते. परंतु कोट्याच्या आत मुलाखतकार तुलनेने सुस्थितीतील, सहज भेटणाऱ्या मतदारांकडे झुकले, आणि ते मतदार ड्युई यांच्या पक्षाला अधिक अनुकूल होते, ही उणीवही त्यानंतरच्या चिकित्सेत पुढे आली. पुढील काळात अनेक संस्था यादृच्छिक निवडीकडे वळल्या त्यामागे हा अनुभव होता.

सरासरी जुळवून घेतली तर हेतुपुरस्सर नमुना प्रातिनिधिक मानता येईल का?

हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण सांख्यिकीच्या इतिहासात तो निर्णायक ठरला. इटलीत १९२१ च्या जनगणनेचे कागद जागा मोकळी करण्यासाठी नष्ट करायचे होते आणि त्याआधी एक नमुना जपून ठेवायचा होता. कोर्राडो जिनी आणि लुइजी गाल्वानी या सांख्यिकीतज्ज्ञांनी २१४ प्रशासकीय विभागांपैकी २९ विभाग असे काळजीपूर्वक निवडले की काही ठरावीक वैशिष्ट्यांची सरासरी संपूर्ण देशाच्या सरासरीशी जुळावी. ती जुळली. परंतु इतर वैशिष्ट्ये, आणि जुळवलेल्या वैशिष्ट्यांचाही आतील फैलाव व परस्परसंबंध, देशाशी जुळेनात. सांख्यिकीतज्ज्ञ जर्झी नेमन यांनी १९३४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच उदाहरणाचा आधार घेऊन दाखवले की हेतुपुरस्सर निवड ज्या गृहीतकांवर उभी असते ती तपासण्याचा मार्ग त्या नमुन्याच्या आत नसतो, तर समष्टीचे गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठीने केलेल्या, म्हणजे स्तरित यादृच्छिक, निवडीत चूक किती असू शकेल हे नमुन्यावरूनच सांगता येते.

आपल्याकडे सांगायचे तर, तालुक्याच्या सरासरी जमीनधारणेशी जुळणारी पाच गावे निवडली म्हणून त्या गावांतील कर्ज, सिंचन किंवा मुलींच्या शाळागळतीचे चित्र तालुक्याशी जुळेलच असे नाही.

स्थलांतरित मजुरांची यादीच नसते. साखळीने, एकाकडून दुसऱ्याचे नाव घेत गेलो तर चालेल का?

चालेल, आणि काही वेळा दुसरा मार्गच नसतो. याला हिमगोल नमुना किंवा साखळी नमुना म्हणतात. १९६१ साली लिओ गुडमन यांनी त्याची गणिती मांडणी केली. मात्र ज्याच्या ओळखी जास्त त्याचे नाव जास्त वेळा येते, आणि एकाच मुकादमाच्या टोळीतून साखळी सुरू झाली की ती त्याच टोळीत फिरत राहते. डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येकाला मोजकीच कूपने देतात आणि त्याच्या ओळखी किती हेही विचारून त्यानुसार उत्तरांना कमी-जास्त भार (वजन) देतात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात एवढे शक्य नसेल तर निदान वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या मुकादमांकडून आणि किमान निम्म्या साखळ्या स्त्रियांपासून सुरू कराव्यात, आणि कोणाकडून कोणाचे नाव आले याची नोंद ठेवावी.

आरोग्य शिबिरात तपासलेल्यांपैकी इतके टक्के सिकलसेलवाहक निघाले. हे प्रमाण तालुक्याचे मानावे का?

मानू नये. शिबिराला स्वतःहून आलेली माणसे हा स्वयंनिवडीचा नमुना आहे. ज्यांच्या घरात आधीच रुग्ण आहे, ज्यांचे सांधे दुखतात, ज्यांना आशा सेविकेने आग्रहाने आणले, ती माणसे शिबिराला जास्त येतात, त्यामुळे प्रमाण फुगू शकते. उलट आजाराची लाज वाटणारी, मुलीचे लग्न अडेल म्हणून भिणारी कुटुंबे टाळतात, त्यामुळे ते घटूही शकते. नेमके कोणत्या बाजूला झुकले हे शिबिराच्या वहीवरून कळत नाही. शिबिराचा हेतू रुग्ण शोधून उपचार सुरू करणे हा आहे, आणि त्या हेतूसाठी ही निवड अगदी योग्य आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रश्नावलीलाही हेच लागू होते. ज्याच्याकडे मोबाइल, रिचार्ज आणि त्या विषयाबद्दल तीव्र मत आहे तोच ती भरतो.

नमुना खूप मोठा घेतला तर हा दोष नाहीसा होतो का?

नाही. मोठ्या नमुन्याने योगायोगाने होणारी चूक कमी होते, झुकाव, म्हणजे एकाच बाजूला होणारी चूक, कमी होत नाही. अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या निवडणुकीसाठी टेलिफोन पुस्तिका, मोटारनोंदणी अशा याद्यांवरून सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि त्यांपैकी २३ लाखांहून अधिक परत आल्या. आल्फ्रेड लँडन जिंकतील असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मंदीच्या त्या काळात टेलिफोन आणि मोटार असलेली माणसे वेगळी होती, आणि पत्रिका भरून परत पाठवणारी माणसे त्याहून वेगळी. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांच्या कोटा नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. पण ज्या पद्धतीने १९३६ साली यश मिळवून दिले तिनेच १९४८ साली दगा दिला, म्हणून एकदा उत्तर बरोबर आले हा पद्धत बरोबर असल्याचा पुरावा होत नाही.

२०१८ साली सांख्यिकीतज्ज्ञ शाओ-ली मेंग यांनी या गोष्टीचे मोजमाप दिले. अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवले की, उत्तर देण्याची प्रवृत्ती आणि मत यांच्यात अगदी क्षुल्लक, केवळ ०.००५ एवढा सहसंबंध असला तरी सुमारे २३ लाख लोकांच्या उत्तरांची किंमत ४०० लोकांच्या साध्या यादृच्छिक नमुन्याएवढीच उरते. जिल्ह्यातून १० हजार गूगल फॉर्म भरून घेण्याच्या खटपटीत असलेल्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

वावरातील नमुन्याला हे सगळे लागू होते का?

होते, आणि शेतकऱ्याला हे आपल्यापेक्षा आधी कळलेले असते. माती परीक्षणासाठी धुऱ्याजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची किंवा शेणखताचा ढीग होता तेथील माती घेऊ नये, नागमोडी चालत ठिकठिकाणचे नमुने घ्यावेत आणि एकत्र करून त्यांतून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो ठेवावा, असे सांगितले जाते. ही निवड काटेकोर अर्थाने यादृच्छिक नाही, तरी सोयीच्या जागा टाळून वावरभर पसरण्याची शिस्त तिच्यात आहे.

गुलाबी बोंडअळीचे निरीक्षण याहून नाजूक असते. एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत आणि १० टक्के बोंडे किडकी आढळली, किंवा पतंगांना गंधाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री दर सापळ्यामागे ८ पतंग आले, तर उपाय करावा, असा निकष आहे. आता वावरात शिरताच डोळा डोमकळीवर, म्हणजे अळी लागलेल्या मिटलेल्या फुलावर, जातो. ज्या पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडावर) डोमकळ्या दिसतात त्याच झाडांची बोंडे तोडली तर किडकी बोंडे १० टक्क्यांच्या कितीतरी वर जातील आणि विनाकारण फवारणी होईल. धुऱ्यावरूनच बोंडे तोडून परतलो तर आत काय चालले आहे ते कळणारच नाही. म्हणून पावले मोजून, दर ठरावीक पावलांवर जे झाड येईल त्याचेच बोंड घेणे हा साधा आणि चांगला उपाय आहे. बाजारात कापसाच्या गाडीच्या वरच्या थरातून एक मूठ ओढून प्रत ठरवली जाते तेव्हा शेतकरी 'खालचाही माल पाहा' असे म्हणतो, त्याचेही मर्म हेच आहे.

नजर अंदाजाची आणेवारी आणि पीक कापणी प्रयोग यांत सांख्यिकीच्या दृष्टीने काय फरक आहे?

नजर अंदाज म्हणजे अनुभवी माणसाने पीक पाहून सांगितलेला आकडा, म्हणजे निर्णयाधारित अंदाज. तो किती चुकला हे मोजण्याची सोय त्या अंदाजातच नसते. पीक कापणी प्रयोगात सर्व्हे नंबर आणि वावरातील जागा यादृच्छिक संख्यांनी ठरवतात, त्यामुळे सरासरी उताऱ्याबरोबर (पिकाच्या उत्पादनाबरोबर) त्याची प्रमाण त्रुटीही, म्हणजे तो किती चुकलेला असू शकेल हेही, काढता येते.

भारतात ही वाट फार पूर्वी पडली. जॉन हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भाताच्या उताऱ्यासाठी यादृच्छिक जागा निवडण्याचा आग्रह धरला; पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या क्षेत्राची नमुना सर्वेक्षणे केली; आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेल्या पांडुरंग सुखात्मे यांनी पीक कापणीची पद्धत देशभर रुजवण्यात मोठा वाटा उचलला. सुखात्मे यांनी दाखवलेली एक गोष्ट प्रत्येक सर्वेक्षकाला ठाऊक असावी: कापणीचा तुकडा फार लहान ठेवला तर उतारा फुगतो, कारण तुकडा आखणाऱ्या दोरीच्या कडेवर येणारे झाड आत धरण्याकडे माणसाचा कल असतो, आणि लहान तुकड्यात कडेचा वाटा मोठा असतो. जागा यादृच्छिक निवडल्यावरही हात मर्जीने चालू शकतो. ज्या आकड्यावर शेतकऱ्याच्या विम्याची भरपाई ठरते त्याच्या बाबतीत ही दोरी कोण आणि कशी टाकतो याला फार महत्त्व आहे.

शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांचाच अभ्यास केला तर निष्कर्ष काढता येतात का?

काही काढता येतात, काही येत नाहीत, आणि विषय इतका जिव्हारी लागणारा आहे की हा फरक पाळणे आपले कर्तव्य आहे. समजा, अशा १०० कुटुंबांपैकी ८० कुटुंबांवर सावकाराचे कर्ज होते. हे वाक्य त्या कुटुंबांचे दुःख सांगते. पण 'कर्जामुळे धोका किती वाढला' हे त्यावरून सांगता येत नाही, कारण त्याच गावांतील, तेवढीच जमीन असलेल्या इतर १०० कुटुंबांपैकी ३० कर्जबाजारी आहेत की ७८, हे आपण पाहिलेलेच नाही. ३० असतील तर अर्थ एक होतो, ७८ असतील तर अगदी निराळा. परिणाम पाहून निवडलेल्या नमुन्याला तुलनेचा गट जोडल्याशिवाय कारणाविषयी बोलू नये. शिवाय सरकारी यादीत 'पात्र' ठरलेली कुटुंबेच घेतली तर पात्रतेचे निकष आधीच कर्जाशी बांधलेले असल्यामुळे कर्ज दिसणारच. आणि ज्या स्त्रीच्या नावावर सातबारा नव्हता तिचा मृत्यू शेतकऱ्याचा म्हणून त्या यादीत येण्याची शक्यताच कमी.

अ-यादृच्छिक नमुन्यावर काय-वर्ग कसोटी किंवा टी-कसोटी लावता येते का?

संगणक आकडा देतो, परंतु 'सार्थकता' या शब्दाला जो अर्थ असतो तो संभाव्यतेने निवड झाली आहे, किंवा प्रयोगात गटांची विभागणी यादृच्छिकपणे झाली आहे, या गृहीतकातून येतो. ते गृहीतक नसेल तर कसोटीचे उत्तर समष्टीला लागू करता येत नाही. माझा सल्ला असा की अशा प्रकल्पात संख्या, सारण्या आणि आलेख द्यावेत आणि ५ टक्के सार्थकता पातळीची भाषा टाळावी. परीक्षक कसोटी मागतातच, अशी अडचण विद्यार्थी सांगतात. तेव्हा कसोटी देऊन तिच्याखाली ही मर्यादा स्पष्ट लिहावी.

नंतर भार देऊन दोष दुरुस्त करता येतो का?

अंशतः. नमुन्यात स्त्रिया ३० टक्के आणि गावात ४९ टक्के असतील तर त्यांच्या उत्तरांना जास्त भार देता येतो. पण ज्या पोडातील एकही स्त्री नमुन्यात नाही, तिच्या वाट्याचा भार कोणाच्या उत्तराला देणार?

खेड्यात यादृच्छिक नमुना घेणे खरोखर इतके अवघड आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. महानगरात घरांची यादी मिळवणे कठीण असते; खेड्यात ग्रामपंचायतीच्या करआकारणीची नोंदवही असते, मतदार यादी असते, आशा सेविकेच्या वहीत कुटुंबवार नोंदी असतात. यांपैकी कोणतीही यादी परिपूर्ण नसते. कराच्या नोंदीत अतिक्रमणाच्या जागेवरील झोपड्या सुटतात, मतदार यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली राहतात. म्हणून यादी घेऊन आशा सेविकेबरोबर एकदा गाव फिरावे आणि सुटलेली घरे, पोड, टोला शेवटी जोडावा. सर्वेक्षणापेक्षा मला या फेरीतून गाव जास्त कळते.

समजा ३२० घरे झाली आणि ४० हवी आहेत. मग १ ते ८ पर्यंतच्या आठ चिठ्ठ्यांतून एक उचलावी. ५ आली तर ५, १३, २१ अशी दर आठवी घरे घ्यावीत. घराला कुलूप असेल तर शेजारी न जाता संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, किमान तीनदा. तरीही न भेटलेली घरे किती आणि कोणत्या वस्तीतील हे अहवालात लिहावे. या कामाला एक दिवस जास्त लागतो.

अहवालात नमुना निवडीविषयी काय लिहावे?

जे केले ते, जसे केले तसे. 'यादृच्छिक पद्धतीने १०० उत्तरदाते निवडले' हे वाक्य सवयीने लिहू नये. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिता येईल: 'हा सोयीचा नमुना आहे. डिसेंबर महिन्यात तीन दिवस, सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत, मुख्य गावठाणातील ६० घरांत मुलाखती घेतल्या. नाल्यापलीकडील वस्तीत जाता आले नाही. उत्तरदात्यांपैकी ४४ पुरुष आहेत. त्या वेळी कापूस वेचणीला गेलेली मजूर कुटुंबे यात कमी आली असण्याची शक्यता आहे. म्हणून येथील टक्केवारी केवळ या ६० कुटुंबांची आहे.' अशा परिच्छेदामुळे गुण कमी होतील अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते. मी स्वतः अहवाल तपासतो तेव्हा हा परिच्छेद आधी शोधतो, आणि तो असेल तर पुढच्या सारण्या अधिक विश्वासाने वाचतो. शिवाय पुढच्या वर्षी त्याच गावात जाणाऱ्या विद्यार्थ्याला नाल्यापलीकडे आधी जायचे हे त्यावरूनच कळते.